वाचून दाखवलेला प्रश्न

आई – म्हणजे माझी मुलगी चाचणीत एकातही पास नाही? गणितातसुद्धा?

परीक्षक – भाषा, गणित, तर्क, तिन्हीत खालीच. एकात कमी असती तर मीच म्हटलं असतं, थांबू या. पण तिन्ही एकदम उतरले की मुलाची एकूण कुवतच तेवढी, असं आम्ही धरतो.

आई – अहो, घरी पटापट सांगते ती. मी ओट्याशी, ती मागे स्टुलावर. माझे हात कामात आणि तिचं तोंड चालू. माझ्याआधी उत्तर तयार असतं.

परीक्षक – प्रश्न कोण वाचतं?

आई – मीच. पुस्तक माझ्यासमोर टेकवलेलं असतं ना.

परीक्षक – आणि ती कधी वाचते?

आई – ती... वाचतच नाही.

परीक्षक – पाणी घ्या.

आई – गोष्टी तिला पाठ आहेत, मॅडम. बरोबर जागेवर पान उलटते. मी तिची नखं बघते, शिंका बघते, डब्यात काय उरलं ते बघते. हे कसं नाही दिसलं मला?

परीक्षक – आमच्याही कुणाला दिसलं नाही.

आई – मग ती तीन गोष्टींत नाही ना नापास? एकाच गोष्टीत अडली. तीनदा.

परीक्षक – मला पटतंय. वरच्यांना आकडे लागतात. प्रश्न वाचून दाखवला की चाचणी बाद, आणि पुन्हा बसता येत नाही. सोमवारपासून ती मागच्या इमारतीत, संथ तुकडीत.

आई – तिथे वाचायला शिकवतील?

परीक्षक – तिथे वाचायला देतच नाहीत. झेपत नाही म्हणून. चित्रं रंगवून घेतात.

आई – आणि तिथून परत?

परीक्षक – अजून कुणी आलेलं नाही.

आई – एक प्रश्न वाचाल तिच्यासमोर? धरू नका कशातच. नुसता वाचा.

परीक्षक – त्यानं काय होणार?

आई – काही नाही.

परीक्षक – बोलवा.

(मुलगी आत येते, आईच्या खुर्चीला टेकून उभी राहते.)

परीक्षक – ऐक हं. एका घरी तिघं कामाला आले. रंगारी सुताराच्या नंतर आला. गवंडी सुताराच्या आधी. सगळ्यात शेवटी कोण?

मुलगी – रंगारी. त्याला शेवटीच यावं लागतं. नाहीतर बाकीचे ओल्या भिंतीला हात लावतात.

परीक्षक – बरोबर.

मुलगी – मग मी जिन्याजवळच्या वर्गातच ना? मैत्रिणीनं माझी जागा धरून ठेवलीय.

परीक्षक – आई सांगेल तुला.

आई – चल बाळा. दप्तर कुठे ठेवलंस?