संकठा घाटावरची मीटिंग

आमच्या साड्यांच्या धंद्यात निर्णय कुठे होतात, माहितेय? सोमवारच्या मीटिंगमध्ये ऑनलाइन विक्रीचा माझा प्रस्ताव काका आणि दोघे चुलतभाऊ माना डोलवत मंजूर करायचे. मंगळवारी सकाळी तेच तिघे संकठा घाटावर आंघोळीला जायचे आणि तो रद्द करून यायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या मंगळवारी मी लॅपटॉप घेऊन थेट घाटावर पोहोचले.

काका ओला पंचा सावरत ओरडले, "अगं, ही काय मीटिंगची जागा आहे?"

"नाही ना? मग माझा प्रस्ताव इथे कसा रद्द होतो?"

चुलतभावांतला थोरला दादा पाण्यातूनच कळवळून म्हणाला, "अगं यार, कपडे तर घालू दे!"

"घाला. आणि ऑफिसात या. नाही म्हणायचंय ना, तिथे माझ्या तोंडावर म्हणा."