दौंडहून आणायची बाटली

शिरूरच्या स्टँडवर शंकररावांनी डोळ्यांपुढे पुस्तक धरलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. त्यांच्यासारखीच दौंडच्या एसटीची वाट बघत शेजारी कारेगावचा मेकॅनिक हनुमंत आणि त्याचं गिऱ्हाईक विश्वजीत बसले होते.

“बाटली आणली की उद्याच बसवा, मामा. माझी कार कशी पळंल!”

“इंजिनात सोडायचा नायट्रस गॅस म्हंजी अत्तर न्हाई, शिंपडलं आन् झालं. गॅसच्या जोडीला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो.”

“म्हणून तर तुमच्याकडं आलो. इंजिन फिट हाय म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मग?”

“नुसत्या आवाजावरनं म्हणालो. इंजिनाच्या सिलिंडरचा दाब मोजलाच न्हाई.”

“हे आता सांगताय? रविवारी सगळी पोरं गाडी कशी पळती ते बघायला येणारेत!”

“रोज कोण चालवतं ती गाडी?”

“माझी बायको, तेजश्री. पोरीला शाळंत सोडती.”

“पोर मागं बसती?”

“मागंच की.”

“आन् बाटली डिकीत. म्हंजी तिच्या पाठीशी.”

“घट्ट बांधू की. उठा, एसटी लागली.”

“मी येत न्हाई. आधी दाब मोजतो. चावी दे.”

“चावी तेजश्रीकडं हाय.”

“मग तिचा नंबर दे. तुझ्याशी खोटं बोललो, ते तिलाबी सांगतो.”

“थांबा, मामा! फोन नका करू.”

“का रं?”

“तिला बाटलीचं ठाऊकच न्हाई.”

दौंडची एसटी सुटली. हनुमंत आणि विश्वजीत बाकावरच होते. शंकररावही.