विहिरीतला दाद्या

कशेळ्याला जीप भरायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक शेतकरी आणि त्याची माहेरी आलेली थोरली बहीण बोलत होती.

"विहिरीत दाद्या दिसला नाय रं, बारक्या."

"कापला त्याला, अक्का."

"आयेनं सोडलेला मांगूर मासा खाल्लास?"

"खाल्ला नाय गं. आषाढात मांगूर अंड्यावर येतो, तवा संकर बीज करायचं होतं. इकत आनलेल्या परदेशी मादीला अंडी सुटायची सुई दिली. मादीचं पोट दाबलं का अंडी निघतात. नराचं तसं नसतं, त्याला चिरूनच आतली वीर्याची पिशवी काढायला लागते."

"म्हंजे मारायचाच."

"एका नरावर हजारो पिल्लं होतात, म्हून मन घट्ट केलं."

"मंग झाली पिल्लं?"

"चिरला, तर आत अंडी. पोट भरून अंडी."

"मादी हुती?"

"आये दाद्या म्हनायची, म्हून आपुन समदे नरच समजत आलो. उलटा करून बघितलाच नाय मी."

"आन् इकतच्या मादीची अंडी?"

"नराबिगर काय उपेग? पांढरी पडली."

"वड्यातून दुसरा देशी मांगूर आन."

"वड्यात सात वर्सांत दिसला नाय, अक्का. येकबी नाय. हीच शेवटची."

जीप सुटली.

"दर आषाढात ती पान्याच्या वर यायची, कडंकडंनं फिरत ऱ्हायची. आठवतं का रं?"

"आये म्हनायची, दाद्याला भूक लागली."

"आन् आपुन भात टाकायचो रं."