कोहऱ्यात मढ्याला सूट

पोलिसाची अक्कल सांगते, ऐका. कोहरा, म्हणजे दाट धुकं, पडलं म्हणून त्यानं बनारसचा हायवे बंद केला नि आमची बस अडवली. तिकडे बनारसात माझी थोरली बहीण, अक्का, शेवटच्या घटका मोजत होती. तेवढ्यात मणिकर्णिका घाटावर मढं जाळायला नेणारी जीप आली. तिला मात्र त्यानं वाट करून दिली.

मी विचारलं, "भैया, हिला कसं सोडतोस?"

"माताजी, मुर्दे को छूट है."

"आणि ड्रायव्हर? तोही मेलाय का?"

मी सरळ जीपमध्ये चढले आणि मढ्याच्या घरचीच वाटावी म्हणून त्या परक्या म्हाताऱ्यासाठी गळा काढून रडले.

सुजलेल्या डोळ्यांनी अक्काजवळ पोचले. तिनं डोळे उघडले नि म्हणाली, "अगं सटवे, मी जायच्या आधीच रडून आलीस होय?"