लाल झेंडी डावीकडे

— नाही नाही सर, पुढे नका जाऊ, इथेच उभे राहा, पुलाच्या कठड्यापाशी. पहिली मुलगी इथूनच बाहेर पडणार, त्या दोन झाडांच्या मधून, दरवर्षी इथूनच पडते. तुमच्या शाळेच्या मुलीही इथूनच येतील. उशीर झालाय म्हणता? झालाय थोडा, नाही कुठे म्हणते मी. पण वर चिखल किती आहे, बघितलात ना तुम्ही — बूट रुततात, पाय उचलायलाच वेळ जातो — आणि हे धुकं. शर्यत सोडली तेव्हा एवढं नव्हतं हो. खरंच नव्हतं. मैदानावरून शाळेची घंटा दिसत होती, नाहीतर मी सोडली असती का मुलींना? आता तर हा कठडासुद्धा पलीकडे संपतो की नाही ते कळत नाही. कोच म्हणून तुमची पहिलीच शर्यत ना ही? मग भीती वाटणारच. मला अजून वाटते. म्हणून तर बोलतेय. मी घाबरले की बोलत सुटते, आमच्या शाळेत सगळ्यांना माहितेय, तुम्हाला आज कळलं.

सकाळी आम्हा कोचांच्या ओळखी ऐकून तुम्हाला हसू आलं असेल, मी बघत होते, कॉफीच्या कपाआड लपवत होतात. येणारच हसू. तुम्ही एवढे धावलेले, पदकं मिळवलेले, अंगातलं जाकीटसुद्धा खऱ्या स्पर्धेतलं — आणि इथे येऊन बघता तर काय, एक पोस्टमन आणि एक पाण्यातले सर. म्हणजे आम्ही त्यांना पाण्यातले सर म्हणतो, पोहायला शिकवायचे ते, मग कान फुटले, डॉक्टरांनी पाण्यात उतरायची बंदी केली, तर शाळेनं धावण्याच्या टीमवर बसवले. त्यांच्या मुली ओळखू येतात लांबून — धावताना मान बाजूला वळवून श्वास घेतात, पाण्यात घेतात तसा. हसा, हसा, आम्हीपण हसतो. आणि पोस्टमन तर खरंच टपाल वाटायचे, डोंगरावरच्या घरांना, आयुष्यभर पायी. त्यांच्या मुलींना चढावर कोणी हरवून दाखवावं. मैदानावर मागे पडतील, पण चढ आला की बघा. ज्याचं जे आयुष्य गेलं ना सर, ते पोरींच्या पायात उतरतं. कोणी शिकवायला जात नाही, आपसूक उतरतं — काही दिसलं का तिकडे? मला वाटलं काहीतरी हललं. फांदी असेल.

मी? मी छापखान्यात होते. सकाळी सांगितलं नाही मी, फक्त शाळेत असते म्हटलं आणि विषय बदलला. लाज नाही वाटत, पण तुमच्यासारखा माणूस समोर असला की जीभ अडखळते. खिळे जुळवायचे मी. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत लावायचं, आणि ते सगळं उलटं, आरशात दिसतं तसं, कारण कागदावर छापलं की सुलटं होतं. तुम्ही सरळ वाचता ना पेपर, तसं मी उलटं वाचायचे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, गोळ्यांच्या डबीवरचं लेबल — सगळं उलटं. मग छापखाना बंद पडला, कॉम्प्युटर आले, मला शाळेनं ऑफिसात घेतलं, परीक्षेचे पेपर काढायला. तर कोच कशी झाले? अहो, आधीचे धावण्याचे सर एक दिवस आलेच नाहीत, दुसरी नोकरी धरली म्हणे. हेडसर स्टाफरूममध्ये आले आणि विचारलं, कोण घेतंय ही टीम? सगळ्यांनी माना खाली घातल्या, कपात बघत बसले. मी खिडकीबाहेर बघत होते. माझ्या एकटीचा चेहरा वर होता, बस्स. आयुष्यात बस पकडायलासुद्धा कधी धावले नाही मी सर, गेली तर गेली, पुढची येईल, असा माझा स्वभाव.

पण शिकवलं मी. माझ्या परीनं शिकवलं. मला धावणं शिकवता येत नाही, मग मी काय शिकवलं — बरोबर वाचायला शिकवलं. खूण वाचायची. लाल झेंडी डावीकडे, पिवळी उजवीकडे, निळी सरळ. झेंडी दिसली की विचार करायचा नाही, वळायचं. बाकीच्या शाळांच्या मुली फाट्यावर क्षणभर घुटमळतात, इकडे बघ, तिकडे बघ, माझ्या घुटमळत नाहीत, तिथेच त्या दहा पावलं पुढे जातात. जिंकतात त्यानं. भिंगरी तर डोळे मिटून वळते, मी तिला गमतीनं म्हणते तुला झेंडीचा वास येतो. भिंगरी म्हणजे ती, पुढे असते ती, काटकुळी, केसांचा आखूड बॉब — माझ्या ताईची मुलगी. माझ्याकडेच राहते. ताई परदेशी नोकरीला गेली तेव्हा माझ्या भरवशावर ठेवून गेली, विमानतळावर माझा हात दाबला तिनं. आज पहिली येणार ती. यायलाच हवी होती एव्हाना. मागच्या वेळेला या वेळेपर्यंत ती पाणी पिऊन माझी टिंगल करत होती.

फोन? इथे रेंज नाही सर, मी मघापासून बघतेय, एक काडी येते आणि जाते. वर टेकडीवर मिळते. आता फार उशीर होतोय, नाही? खरं सांगा. तुम्ही धावलेले आहात, तुम्हाला कळतं. कळतंय तुमच्या चेहऱ्यावरून. नका बघू असं. कोणी घसरली असेल, पाय मुरगळला असेल, मग बाकीच्या थांबल्या असतील, मुली चांगल्या आहेत, टाकून येणार नाहीत कोणाला — असंच असेल. वाट चुकायचा प्रश्नच नाही, सगळ्या वाटेला झेंड्या आहेत, मी स्वतः लावल्यात, आज सकाळी, एकेक करून. कोणाच्या भरवशावर सोडलं नाही. फाट्यावर खरं तर माणूस उभा करायचा असतो, पोस्टमन म्हणत होते मी थांबतो, मीच त्यांना खाली ओढ्यापाशी पाठवलं, तिथे दगड निसरडे आहेत. फाट्यावर झेंडी आहे म्हटलं. झेंडी असल्यावर माणूस कशाला?

फाटा म्हणजे — वर जंगलात वाट दोन बाजूंना फुटते, एक इकडे पुलाकडे येते आणि एक खाली उतरते, दगडाच्या खाणीकडे. जुनी खाण आहे. पाण्यानं भरलेली. कुंपण होतं पूर्वी, आता नुसते खांब उरलेत. त्या वाटेला कोणी जात नाही. कशाला जाईल? उतार आहे, आणि उतार संपतो तो एकदम काठावरच संपतो. पण तो विषयच नाही, तिथे झेंडी आहे. आणि मी हुशारी बघा किती केली — शिपायाची गाडी आज शाळेकडे जाणार नव्हती, त्यानं मला इथे पुलावर सोडलं, मग मी शेवटाकडून सुरुवातीकडे चालत झेंड्या लावत गेले. उलटी. दुसरं कोणी असतं तर गोंधळ घातला असता, कारण उलटं चालताना तुमच्या डावीकडे जे येतं ते मुलींच्या उजवीकडे असतं. मला काही वाटलं नाही. माझी हयात गेली उलटं वाचण्यात. वळणावर आले की माझा हात बघायचा, उलटा करायचा, झेंडी लावायची. खिळे जुळवल्यासारखंच. मजा वाटत होती खरं तर, कितीतरी वर्षांनी हात तसा चालत होता.

काय? फाट्यावर कुठली लावली? लाल लावली. हो, लाल, आठवतंय ना, कारण तेवढ्यात हेडसरांचा फोन आला, टेकडीवर रेंज आहे म्हटलं ना — बक्षिसाच्या खुर्च्या कुठे मांडायच्या म्हणून. मी झेंडी खिशात टाकली आणि बोलत बसले, खुर्च्या झाडाखाली मांडा म्हटलं, ऊन येणारच नव्हतं आज. मग फोन ठेवला, झेंडी काढली, पिवळी होती, बघितली आणि म्हटलं अगं बाई, उलटी करायची राहिली, आणि लाल —

थांबा. पूल कुठल्या हाताला येतो विचारताय? मुलींच्या? त्या शाळेकडून येणार. तोंड असं. पूल — थांबा हो, मला उभं राहू द्या तसं, त्या चढून येतात, समोर फाटा, पूल इकडे. हा हात. हा उजवा ना? हा माझा उजवा हात आहे ना सर?

उलटी केलेली होती. खिशात टाकायच्या आधीच उलटी केलेली होती, म्हणून तर पिवळी हातात होती. मी पुन्हा उलटी केली. उलट्याचं उलटं — छापखान्यात असं झालं की प्रूफ वाचणारा लाल शाईनं गोल करायचा आणि ओरडायचा माझ्यावर, मी अक्षर फिरवून लावायचे आणि संपलं. इथे कोणी वाचलंच नाही. मी एकटीनं लावलं आणि कोणी वाचलं नाही. लाल डावीकडे. डावीकडे खाण. आणि भिंगरी पुढे. ती बघायची नाही सर, ती घुटमळायची नाही, मीच शिकवलंय तिला, झेंडी दिसली की विचार करायचा नाही. तिच्या मागोमाग सगळ्या, तुमच्यासुद्धा, पुढची वळली की मागच्या वळतात. या धुक्यात. उतारावर. अरे देवा, धरा मला — नाही, मला नका धरू, मला धरून काय होणार आहे.

शिट्टी नको. नका वाजवू शिट्टी, द्या ती इकडे. तुमच्या मुली शिट्टीला थांबत असतील, माझ्या थांबत नाहीत. माझ्या मुलींना शिट्टी म्हणजे शेवट आला, आता होता नव्हता तेवढा जोर लावायचा. मीच सांगितलंय. शिट्टी वाजली की ती सुटेल अशी, आणि खाली —

तुम्ही पळा. हो, तुम्हीच, मला पळता येत नाही सर, मी आत्ता सांगितलं ना तुम्हाला, मला येत नाही. या दोन झाडांमधून आत, वाट एकच आहे फाट्यापर्यंत, चढ आहे, मग फाट्यावरून खाली. तुम्ही या सगळ्यांत एकटे आहात धावलेले. बूट बघू नका, चिखल बघू नका. आणि ओरडत जा. थांबा म्हणून ओरडलात तर थांबणार नाही ती, शर्यतीत थांबा कोणीही ओरडतं, दुसऱ्या शाळेचा कोच ओरडला तर मुद्दाम पळेल. बाई चुकल्या म्हणूनही ओरडू नका, शाळेतल्या बाई चुकतील हे तिला खरं वाटायचं नाही. मावशी चुकली म्हणा. घरी रोज चुकते मी, दूध उतू घालवते, किल्ली आत ठेवून दार ओढून घेते, आणि ती जिथे असेल तिथून परत येते, हसत. तेवढंच ओरडा. मावशी चुकली, मावशी चुकली. मी येते मागून, चालत येते. माझ्याकडे बघत उभे राहू नका सर. जा.