पुढच्याने हात करायचा असतो

वर नोंदलेल्या नावाचा मी, वय त्रेपन्न, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज सोमवारी सकाळी साडेदहा वाजता बोलावल्यावरून ठाण्यात आलो असून काल सकाळच्या अपघाताबद्दल मला माहीत आहे ते सांगतो. काही गोष्टी मी न विचारता सांगणार आहे, त्याही लिहून घ्याव्यात.

अपघातात जखमी झालेले गृहस्थ शाळेत गणित शिकवतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. काल त्यांच्यासोबत सायकलवर मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, असे दोघे होतो. ट्रॅक्टरवाल्याने वळणावर खडी सांडल्यामुळे मास्तर पडले, अशी तक्रार मेहुण्याने कालच दिली आहे. ट्रॅक्टरवाला आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा की नाही हे माझ्या जबाबावर अवलंबून आहे, असे मला येथे सांगण्यात आले.

मास्तर आणि मी एकोणीस वर्षे दर रविवारी सहा वाजता पाण्याच्या टाकीपाशी भेटतो आणि शेतांमधल्या रस्त्यांनी पन्नास-साठ किलोमीटर फिरून येतो. सगळा भाग चढ-उताराचा आहे. एक चढ संपला की पुढचे दोन दिसतात. दोन्ही बाजूंना गहू, मध्येच एखादे फाटक, फाटकात कुत्रा. मोटार क्वचित येते. रस्ता इतका अरुंद की शेजारी शेजारी दोनच सायकली जातात, तिसरीला मागे किंवा पुढे जावे लागते. चढावर मास्तर मला गणिताची कोडी घालत, म्हणजे त्यांना दम लागल्याचे कळू नये. मी उत्तर उतारावर देत असे आणि ते बहुतेक वेळा चुकत असे. इतक्या वर्षांत आमचे एकदाही वाजले नाही. अहो-जाहो मात्र सुटले नाही.

मेहुण्याला मीच आणले. सात महिन्यांपूर्वी बायको म्हणाली की तो एकटा राहतो, रविवारी दुपारपर्यंत लोळत पडतो, त्याला घेऊन जा. मी घेऊन गेलो. हे मी आपल्या हाताने केले, त्यामुळे कोणाच्या नावाने बोटे मोडायची सोय नाही. पहिले काही रविवार तो मागे धापा टाकत यायचा, तेव्हा मला तो आवडायचा. मग त्याने नवी हलकी सायकल घेतली. त्यानंतर चढावर मास्तरांच्या शेजारी तो दिसू लागला आणि मागे मी. कोडी त्याला. तो उत्तर चढावरच देतो आणि ते बरोबर असते. तिसऱ्या महिन्यात मास्तर त्याला अरे-तुरे करू लागले.

आमच्यात वैर होते का, असे विचारले असता सांगतो की नव्हते. मेहुणा स्वभावाने चांगला आहे. दोनदा माझे पंक्चर त्याने काढले आहे, मी नको म्हणत असताना. त्याच्यात काही खोट सापडावी म्हणून मी पुष्कळ शोधले. सापडली नाही, आणि त्यानेच माझ्या अंगाचा जास्त तिळपापड होत असे. घरी मी बायकोला म्हणायचो की तुझा भाऊ फार बडबडतो. ती म्हणायची, तुम्ही तर म्हणायचात की तो बोलतच नाही.

आमच्या चालवण्याची पद्धत जबाबात यावी, कारण सगळे तिच्यावरच आहे. वाऱ्यात आम्ही एकामागे एक चालतो, दोन चाकांमध्ये हातभर अंतर ठेवून. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने हात करायचा असतो. खड्डा, खडी, काच, ओल, काहीही असले तरी ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचे. बाकी आमच्यात कसलाच नियम नाही. कोणी उशिरा आले, पाणी विसरले, रस्ता चुकवला, सगळे चालते. हात चुकत नाही. मास्तरांच्या मागे मी डोळे मिटूनही गेलो असतो.

पुढच्याने मागे वळून बघायचे नसते, कारण मान वळली की सायकलही वळते. मागे कोण आहे ते आवाजावरून ओळखायचे. मेहुण्याच्या नव्या सायकलवर पाय मारायचे थांबवले की मागच्या चाकातून रातकिड्यासारखी कर्रकर्र सुरू होते. मास्तरांची जुनी सायकल अगदी गप्प आहे. ती मागे असली की टायरचा आवाज तेवढा येतो.

काल सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही कालव्याच्या पुलावर थांबलो. माझी बाटली रिकामी होती, म्हणून मी खालच्या शेतातल्या नळावर गेलो. पाच-सहा मिनिटांनी वर आलो तेव्हा हे दोघे कठड्याला टेकून हसत होते. मला पाहून हसायचे थांबले. कशाचे हसू आले, असे मी विचारले. मेहुणा म्हणाला, काही नाही भाऊजी, असंच. मी बाटली अडकवली आणि कोणासाठी न थांबता पुढे निघालो.

ते कशाला हसत होते ते मला काल दुपारी इस्पितळात कळले. मास्तरांना मेहुण्याची सायकल चालवून बघायची होती आणि त्यांनी आपापल्या सायकली बदलल्या होत्या. दोघांची उंची सारखी आहे. मी अर्धी वीत बुटका आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत मास्तर कधी माझ्या सायकलवर बसू शकले नाहीत. बदललेल्या सायकलींवरून ते मला गाठणार आणि मला कधी कळते ते पाहणार, एवढीच ती गंमत होती. ती माझ्यासाठी होती.

सात वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास उतार लागला. वारा समोरून होता. माझ्या मागे कर्रकर्र आली आणि चाकाला येऊन चिकटली. मी समजलो, मेहुणा आला. मास्तरांना मागे टाकून हा आता माझ्या पाठीशी बसला आणि जरा वेळाने मलाही ओलांडून जाणार, असे माझ्या मनात आले. पोटात जे दुखत होते ते तेव्हा फार दुखले.

उताराच्या तळाशी वळण आहे. तिथे डाव्या अंगाला खडी पसरली होती, साधारण दोन खाटांएवढ्या जागेत. ट्रॅक्टरवाला ती फावड्याने फाटकाकडे ओढत होता. निम्मी काढून झाली होती. आम्हाला बघून त्याने फावडे वर केले. विचारले असता सांगतो की खडी मला साठ-सत्तर पावलांवरून दिसली. माझी नजर उत्तम आहे. दिवसभर मी दुसऱ्यांना अक्षरे वाचायला लावतो, मला स्वतःला चष्मा नाही.

मी हात केला नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवले, शेवटच्या क्षणी उजवीकडून वळसा घातला आणि निघून गेलो.

मनात काय होते असे हवालदारांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. मेहुण्याने मरावे असे माझ्या मनात नव्हते. त्याने पडावे असे होते. गुडघे खरचटावेत, सायकलचे चाक वाकावे, महिनाभर त्याने घरी बसावे आणि चार रविवार पूर्वीसारखे व्हावेत. हे सगळे साठ-सत्तर पावलांत मनात येऊन गेले.

मागे घसरल्याचा आवाज झाला. मी वीसेक पावलांवर थांबलो आणि लगेच वळलो नाही. वळलो तेव्हा मेहुण्याची सायकल आडवी पडली होती, चाक अजून फिरत होते आणि तिच्याखाली मास्तर होते. मेहुणा मास्तरांच्या सायकलवर बसून ओरडत उतारावरून येत होता. मास्तरांच्या डोक्याखाली पोते घातले ते ट्रॅक्टरवाल्याने, रुग्णवाहिकेला फोन केला तोही त्यानेच. मी काय केले ते मला आठवत नाही. मेहुणा म्हणतो की मी मास्तरांचा बूट काढून हातात धरून बसलो होतो.

तुमचे शिपाई आले तेव्हा ट्रॅक्टरवाला त्यांना म्हणाला, "पुढचे साहेब बरोबर वळसा घालून गेले की. मग मागच्यांना कसं नाही दिसलं?" त्यावर मेहुणा त्याच्या अंगावर धावून गेला आणि म्हणाला, "आमच्या भाऊजींना दिसलं असतं तर त्यांनी हात केला असता. तुझं पाप त्यांच्या गळ्यात घालू नकोस." मी तिथेच उभा होतो.

मास्तरांचे खुब्याचे हाड मोडले आहे. शस्त्रक्रिया उद्या आहे. हाड जुळेल, सायकलचे पुढे बघू, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी कागदाकडे बघितले. काल पाच वाजता मी खोलीत गेलो तेव्हा पलंगाशेजारच्या एकुलत्या खुर्चीवर मेहुणा बसला होता. तो उठला, मला बसा म्हणाला आणि औषधे आणायला गेला. तेवढ्यातही ती खुर्ची त्याची आधी होती हे मला खुपले. असा मी माणूस आहे, याची नोंद घ्यावी.

मास्तर म्हणाले, "तू पुढे होतास ना, म्हणून मी खाली बघितलंच नाही."

त्यात तक्रार नव्हती. मला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केले. हे जबाबात हवे का, असे हवालदारांनी विचारले. हवे.

ट्रॅक्टरवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. खडी त्याची होती, पण तो ती उचलत होता आणि त्याने सावधही केले होते. त्याला बाकावरून उठवून घरी पाठवावे. माझ्यावर जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे.

येथपर्यंतचा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "खडी दिसली नसल्याने हात करता आला नाही" असे लिहिले होते. असे मी सांगितलेले नव्हते. हवालदार म्हणाले, "कशाला ओढवून घेताय? घरचं माणूसही तुमच्याच बाजूनं बोलतंय." मी ते वाक्य खोडायला लावले आणि तिथे, दिसली होती, असे लिहून घेतले. दुरुस्तीच्या जागी सही केली आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच आहे.

मेहुणा मला न्यायला बाहेर आला आहे. त्याला आणि बायकोला मी स्वतः सांगेन. मास्तरांना सांगणे माझ्याने होणार नाही. तरी शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आले की तुमच्यापैकी कोणी जाऊन हा जबाब त्यांनाही असाच, काही न गाळता, वाचून दाखवावा. मी खोलीच्या दाराबाहेर उभा असेन.