चौथा दिवस

विट्यातल्या औषधाच्या दुकानात दीपाली रांगेत उभी होती. तिच्या पुढं एक तरुण जोडपं होतं. नवराच काउंटरवरच्या बाईंशी बोलत होता.

"मॅडम, काल निरोध फाटला. हिच्यासाठी गोळी पायजे."

"लगेच आलात, बरं केलंत. एकच गोळी, आत्ताच घ्या. दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते."

"हिला तरास न्हाई ना हुणार?"

"थोडं मळमळेल. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घ्या. आणि नेहमीचा उपाय म्हणून ही घेऊ नका."

"अल्फिया, हे घे पाणी. आज भाकरी मी थापतो."

दीपालीचा जीव जळला. तिचा नंबर आला.

"मलाबी तीच गोळी."

"किती दिवस झाले?"

"आज चौथा. आमचं मालक म्हणलं, काय हुत न्हाई."

"आता गोळीचा भरवसा कमी. आजच दवाखान्यात जा, पाच दिवसांच्या आत तांबी बसवता येते. मिस्टर कुठायत?"

"भायेर, गाडीवर."

बाहेर अण्णाप्पा हॉर्न वाजवत होता.

"दवाखान्यात चला. तुमीबी आत यायचं."

"मी कशाला?"

"त्यो आलावता की."

अण्णाप्पाचा हात हॉर्नवरनं निघाला.

"कोण त्यो?"